नव्या फ्लॅटमध्ये स्मार्ट थर्मोस्टॅट बसवून घेताना: आधी भिंतीमागची वायर ओळखा

लोअर परळ, वडाळा, मुलुंड, घोडबंदर रोड, जिथे जिथे गेल्या दहा-बारा वर्षांत टॉवर उभे राहिले, तिथल्या बऱ्याच घरांत हॉलच्या भिंतीवर एसीचा छोटा कंट्रोलर बिल्डरनेच लावून दिलेला असतो. तो काढायचा आणि त्याच वायरी नव्या स्मार्ट थर्मोस्टॅटला, म्हणजे फोनवरूनही चालणाऱ्या तापमान-नियंत्रकाला, जोडायच्या, तासाभराचं काम, असं कुणालाही वाटतं. घोळ इथेच होतो. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या कंट्रोलरमागे तीन वेगळ्या जातींच्या वायरी असू शकतात. एकीत २४ व्होल्ट, दुसरीत थेट घरातले २३० व्होल्ट आणि तिसरीत कंट्रोलर आणि इनडोअर युनिट यांचं आपसातलं बोलणं. चुकीच्या जातीवर चुकीचा थर्मोस्टॅट लावला तर नुकसान थर्मोस्टॅटपुरतं राहत नाही, इनडोअरचा बोर्डही जातो. म्हणून खरेदी शेवटी आणि भिंत उघडून बघणं आधी.

हे काम परवानाधारक वायरमन आणि तुमच्या घरातल्या प्रकारचा एसी जाणणारा टेक्निशियन, दोघांनी मिळून करायचं आहे. घरमालकाने जवळ उभं राहून काय बघायचं, काय विचारायचं आणि कुठे ‘थांबा’ म्हणायचं, ते पुढे दिलं आहे.

घरात नेमका कोणता एसी आहे

भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी असेल तर विषय लवकर संपतो. त्याला तारेने जोडायचा थर्मोस्टॅट नसतोच. त्याच्यासाठी कंपनीचं वाय-फाय मॉड्यूल घ्या, नाहीतर रिमोटसारखे इन्फ्रारेड सिग्नल सोडणारा स्मार्ट कंट्रोलर घ्या. तो एसीच्या समोर, मधे पडदा किंवा कपाट येणार नाही असा ठेवायचा. एक मर्यादा मात्र माहीत असू द्या. इन्फ्रारेड एकाच दिशेने जातं, एसी उलट काही कळवत नाही. घरातल्या कुणी जुन्या रिमोटने एसी बंद केला, तर ॲप आपलं ‘चालू’च दाखवत राहतं.

खरं काम आहे ते फॉल्स सीलिंगमध्ये लपवलेल्या एसीचं. मुंबईतल्या नव्या घरांत त्याचे तीन प्रकार भेटतात.

पहिला डक्टेबल. एक इनडोअर, त्यातून निघालेले डक्ट आणि खोल्याखोल्यांत ग्रिल. याचा कंट्रोल कधी २४ व्होल्टवर, कधी २३० वर, तर कधी कंपनीच्या स्वतःच्या वायर्ड रिमोटवर चालतो. दुसरा व्हीआरएफ. डायकिन त्यालाच व्हीआरव्ही म्हणते आणि १९८२मध्ये ही पद्धत पहिल्यांदा बाजारात त्यांनीच आणली. एका आउटडोअरवर अनेक इनडोअर आणि प्रत्येकाला दोन तारांचा रिमोट. तिसरा प्रकार काही उंची टॉवरांतला: इमारतीचा मध्यवर्ती चिलर, त्यातून येणारं थंड पाणी आणि घराघरांत फॅन कॉइल युनिट, ज्याला सगळे एफसीयू म्हणतात. एफसीयूचा थर्मोस्टॅट बहुतेक वेळा २३० व्होल्टवर चालतो.

ओळखायचं असं.

१. डीबीमधला, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य डब्यातला, एसीचा एमसीबी (ब्रेकर स्विच) पाडा. इनडोअर आणि आउटडोअर यांचे एमसीबी अनेकदा वेगळे असतात, दोन्ही पाडा. त्यावर टेप लावा आणि घरातल्यांना सांगून ठेवा, म्हणजे मधेच कुणी येऊन वर करणार नाही.

२. कंट्रोलरची पुढची प्लेट काढा. वायर सोडवण्याआधी फोटो काढा. कोणती वायर कोणत्या अक्षरावर आहे, ते फोटोत वाचता आलं पाहिजे. एक फोटो सरळ समोरून, एक बाजूने.

३. वायरी मोजा. दोनच बारीक वायरी आणि टर्मिनलवर ‘पी१, पी२’ अशी अक्षरं असतील, तर ते डायकिनचं बोलणं आहे. ‘आर, सी, वाय, जी’ दिसलं तर २४ व्होल्टचा कंट्रोल. ‘एल, एन’ आणि पंख्याच्या तीन गतींची टर्मिनलं दिसली तर २३० व्होल्टचा एफसीयू.

४. अक्षरांवर भिस्त ठेवू नका, मोजून बघा. वायरमनने एमसीबी वर करून मल्टिमीटरने टर्मिनलांमधला दाब, म्हणजे व्होल्टेज, घ्यायचा. मीटरच्या एसी व्होल्टवर (इथे एसी म्हणजे एअर कंडिशनर नव्हे, घरच्या विजेसारखी उलटसुलट वाहणारी वीज) २४ ते २८ आले तर कमी दाबाचा कंट्रोल. २३०च्या आसपास आले तर घरची वीज. एसी व्होल्टवर काहीच धड दिसत नसेल तर मीटर डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, फिरवा. दहा-वीस व्होल्ट डीसी दिसले तर ती संदेशाची जोडी. मोजून झालं की एमसीबी पुन्हा पाडा.

इथे खिशातल्या निऑन टेस्टरवर काम भागवू देऊ नका. २४ व्होल्टवर तो पेटत नाही, डीसी संदेशाच्या तारेवरही पेटत नाही, आणि ‘वायर मेली आहे’ असं समजून कारागीर बिनधास्त हात घालतो. उलट, शेजारच्या तारेतून आलेल्या दाबाने मेलेल्या वायरवरही तो मंद पेटू शकतो. मल्टिमीटर हवाच.

वायरीच्या रंगावरही विश्वास नको. अमेरिकेतल्या पद्धतीत लाल म्हणजे आर, पिवळी म्हणजे वाय, हिरवी म्हणजे जी, हे पुस्तकात ठीक. आपल्याकडे साइटवर जी केबल हाताशी होती ती ओढलेली असते. हिरवी वायर अर्थिंगची की पंख्याची, हे ती दुसऱ्या टोकाला कुठे गेली आहे ते बघूनच ठरवायचं.

परदेशातून आणलेला थर्मोस्टॅट

न्यू जर्सीहून येताना भाऊ, नाहीतर भाची, स्मार्ट थर्मोस्टॅट घेऊन येते, हे आता नेहमीचं झालं आहे. वस्तू चांगली असते, पण ती २४ व्होल्टच्या एसी विजेवर चालणाऱ्या कंट्रोलसाठी बनलेली असते. तुमच्याकडे व्हीआरएफ किंवा २३० व्होल्टचा एफसीयू असेल, तर ती जशीच्या तशी जोडता येत नाही. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे सोबत आणलेला प्लगचा छोटा ट्रान्सफॉर्मर. तो १२० व्होल्टच्या सॉकेटसाठी असतो. मुंबईच्या २३० व्होल्टवर तो लावायचाच नाही, मल्टिपिन अडॅप्टर घालूनही नाही, कारण मल्टिपिन फक्त पिनांचा आकार बदलतो, दाब नाही. ट्रान्सफॉर्मर इथेच घ्यावा लागेल: प्रायमरी (वीज आत येणारी बाजू) २३० व्होल्ट, सेकंडरी (बाहेर जाणारी बाजू) २४ व्होल्ट एसी वीज, क्षमता ४० व्हीए.

परवानगी आणि कागद

नव्या घरात ही पायरी गाळू नका. रेरा कायदा २०१६च्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सेवांमध्ये दोष निघाला तर तो विनाशुल्क दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. तुम्ही मूळ वायरिंग कापून जोडलंत, की पुढे इनडोअर बंद पडल्यावर ‘तुमच्या माणसाने हात लावला होता’ हे उत्तर तयार असतं. म्हणून आधीचे फोटो, वायरमनचं बिल आणि त्यावर ‘मूळ वायर न कापता जोडणी’ अशी एक ओळ जपून ठेवा. एसीची वॉरंटी चालू असेल, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला एक ईमेल टाकून कोणतं अडॅप्टर चालेल ते लेखी विचारा.

चिलरच्या इमारतीत सोसायटीच्या फॅसिलिटी ऑफिसला कळवणं अटळ आहे. तिथे तुमच्या पाण्याच्या लाइनवर बीटीयू मीटर असतो. किती पाणी गेलं आणि ते किती गरम होऊन परत आलं, यावर तुमचं बिल निघतं. थर्मोस्टॅटने व्हॉल्व्ह नीट बंद केला नाही, तर पंखा थांबला तरी थंड पाणी कॉइलमधून फिरतच राहतं. बिल थोडं थोडं वाढतं आणि कॉइल घामाघूम होऊन फॉल्स सीलिंगवर डाग पडतात.

जागा: मिव्हानची भिंत आणि चुकीचा कोपरा

थर्मोस्टॅट जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, आतल्या भिंतीवर असावा. बाहेरची भिंत, पश्चिमेचं ऊन येणारी बाजू, टीव्हीच्या वरची जागा, स्वयंपाकघराचं दार, देवघरातल्या समईजवळची भिंत आणि एसीच्या ग्रिलच्या झोतातली जागा टाळायची. या सगळ्या ठिकाणी तो खोलीचं तापमान मोजत नाही, आपल्या शेजाऱ्याचं मोजतो.

अडचण अशी की नव्या इमारती बहुतेक ‘मिव्हान’ म्हणजे ॲल्युमिनियम शटरिंगच्या असतात. तिथे विटांच्या जागी सळ्या घातलेलं काँक्रीट असतं आणि वायरिंगचे पाइप ओततानाच आत बसवलेले असतात. ती भिंत इमारतीचं वजन पेलते. थर्मोस्टॅट चार फूट सरकवायचा म्हणून तिच्यात चर पाडणं हा स्ट्रक्चरशी खेळ आहे. सोसायटी परवानगी देणार नाही आणि देऊही नये.

मग जुनी जागा वाईट असेल तर? थर्मोस्टॅट आहे तिथेच ठेवा आणि वेगळा वायरलेस सेन्सर मिळणारं मॉडेल घ्या. सेन्सर बेडरूममध्ये, पलंगाच्या उंचीच्या जरा वर, साध्या दुतर्फी टेपने चिकटतो. रात्री दहानंतर थर्मोस्टॅटने सेन्सरचं तापमान धरायचं, दिवसा हॉलचं. भिंत फोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं आणि आराम जास्त देणारंही.

हीच काँक्रीटची भिंत वाय-फायलाही अडवते. घेण्याआधी फोन त्या जागी धरून सिग्नल बघा. बहुतेक थर्मोस्टॅट फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर शू-रॅकवरच्या डीबीच्या कपाटात, पत्र्याच्या झाकणामागे असेल, तर आधी तो बाहेर काढा.

सामान

कारागिराने येताना काय आणायचं ते आदल्या दिवशीच सांगा, नाहीतर निम्मा दिवस हार्डवेअरच्या दुकानात जातो. मल्टिमीटर, हॅमर ड्रिल आणि ६ मिमीचं काँक्रीट बिट, ६ मिमीच्या गिट्ट्या आणि स्क्रू, स्पिरिट लेव्हल, नंबरच्या चिकटपट्ट्या, वायरच्या टोकांना लावायचे कथिलाचा मुलामा असलेले फेरूल आणि ते दाबायचा पकड, न सुकणारी डक्ट पुट्टी. नवी केबल ओढायची असेल तर ०.७५ किंवा १ चौ. मिमीची मल्टिकोर केबल. २४ व्होल्टसाठी चार वायरी लागतात, पण केबल सहा वायरींची घ्या. दोन सुट्या वायरी गुंडाळून ठेवल्या की उद्या उपयोगी पडतात. व्हीआरएफच्या संदेशासाठी कंपनी सांगेल ती, बहुधा ०.७५ ते १.२५ चौ. मिमीची दोन वायरींची केबल.

डब्याचं माप आधी घ्या. एफसीयूचे बरेच थर्मोस्टॅट ८६ मिमीच्या चौरस डब्यावर, ६० मिमी अंतराच्या दोन स्क्रूंवर बसतात. आपल्या मॉड्युलर स्विचच्या डब्यांची भोकं दरवेळी जुळत नाहीत. न जुळल्यास ट्रिम प्लेट लागते, आणि ती आधीच मागवलेली बरी.

जोडणी

२४ व्होल्टचा डक्टेबल. चार वायरींचं गणित सोपं आहे. आर म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणारी वीज, सी म्हणजे तिचा परतीचा रस्ता, वाय कॉम्प्रेसरला हाक मारते आणि जी पंख्याला. डब्ल्यू हीटिंगसाठी असते. मुंबईत ती रिकामी. थर्मोस्टॅटवर आरसी आणि आरएच अशी दोन टर्मिनलं असतील, तर एकुलती आर वायर आरसीमध्ये घाला, अर्थात मॅन्युअल तेच सांगत असेल तर.

सगळा घोळ सी वायरचा असतो. जुन्या साध्या थर्मोस्टॅटला ती लागत नव्हती म्हणून अनेकदा ओढलेलीच नसते. स्मार्ट थर्मोस्टॅटला मात्र वाय-फाय आणि स्क्रीन चालवायला सतत वीज लागते. सी नसेल तर काही मॉडेलं वाय वायरमधून हळूच वीज चोरतात. मग कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉम्प्रेसरची वीज जोडणारा स्विच, ‘टर्रर्र’ आवाज करत थरथरतो, बॅटरी उतरते, आठवड्याने वाय-फाय सुटतं आणि दोष राउटरला दिला जातो. भिंतीतल्या केबलमध्ये न वापरलेली, आत गुंडाळून ठेवलेली एखादी वायर बहुतेक वेळा सापडते. प्लेट काढल्यावर पाइपच्या तोंडाशी बोट घालून बघा. ती इनडोअरच्या बोर्डवरच्या सी टर्मिनलला जोडली की काम झालं. सुटी वायर नसेलच, तर त्याच कन्सील्ड पाइपमधून जुन्या केबलला बांधून नवी सहा वायरींची केबल ओढायची. त्या पाइपमध्ये २३० व्होल्टची वायर असेल तर तिच्यासोबत कमी दाबाची केबल घालू नका. इन्सुलेशन एका ठिकाणी सोललं, की सगळा कंट्रोल २३०वर जातो.

डक्टेबल २३० व्होल्टच्या साध्या चालू-बंद कंट्रोलवर असेल, तर मधे ट्रान्सफॉर्मर आणि २४ व्होल्ट कॉइलचे दोन रिले घालावे लागतात, एक कॉम्प्रेसरच्या कंट्रोलसाठी, एक पंख्यासाठी. थर्मोस्टॅट रिलेची कॉइल चालवतो आणि रिलेचे काँटॅक्ट २३० व्होल्टचं काम करतात. सेकंडरीवर २ अँपिअरचा फ्यूज हवा, कारण ४० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमधून २४ व्होल्टवर जेमतेम १.६७ अँपिअर मिळतात. हा सगळा संच बंद डब्यात, फॉल्स सीलिंगच्या ट्रॅपडोअरपासून हात पोहोचेल अशा जागी बसवा. ड्रेन ट्रेच्या खाली मुळीच नाही. पावसाळ्यात ट्रेच्या तळाला बाहेरून जे थेंब धरतात, ते नेमके त्या डब्यावर पडतात.

इनडोअर इन्व्हर्टर जातीचं असेल तर हा रिलेचा मार्ग सोडून द्या. इन्व्हर्टरचं मोल कॉम्प्रेसर कमी-जास्त वेगाने चालवण्यात आहे. चालू-बंद थर्मोस्टॅट लावला की तो वेग सांगणारा संदेशच तुटतो आणि महाग मशीन स्वस्त मशीनसारखं चालतं. तिथे कंपनीचं वाय-फाय अडॅप्टरच घ्या.

एक वायर अशी आहे जिला कुणी हात लावू नये: फ्लोट स्विचची. ड्रेन तुंबून ट्रे भरला की हा छोटा तरंगता स्विच कंट्रोलचं सर्किट तोडतो आणि एसी थांबतो. जोडणी करताना ‘एसी चालू होत नाही’ म्हणून घाईत काहीजण तो शॉर्ट करून टाकतात. पहिल्याच पावसात पाणी फॉल्स सीलिंगमधून सोफ्यावर येतं. एसी चालू होत नसेल तर आधी ट्रे बघा. पाणी साचलेलं असेल तर स्विच आपलं काम चोख करतो आहे.

व्हीआरएफ. इथे थर्मोस्टॅट शब्दच जरा फसवा आहे. दोन वायरींतून वीज आणि संदेश दोन्ही जातात, आणि ती भाषा फक्त त्याच कंपनीला कळते. पर्याय दोन: कंपनीचं वाय-फाय अडॅप्टर किंवा त्या कंपनीसाठी बनलेला गेटवे, म्हणजे मधला दुभाषी डबा. डायकिनमध्ये पी१-पी२ला उलटसुलट चालतं, ध्रुवता नसते. पण इनडोअर-आउटडोअरची एफ१-एफ२ जोडी वेगळी असते. शेजारीच असल्याने ती चुकून पकडली जाते, म्हणून प्रत्येक जोडीला चिकटपट्टी लावा. एका इनडोअरवर दोन रिमोट ठेवायचे असतील तर एक मुख्य आणि एक दुय्यम असं सेटिंग करावं लागतं. दोघेही मुख्य राहिले तर भांडतात. स्क्रीनवर यू५ आलं तर रिमोट आणि इनडोअर यांचं बोलणं तुटलं आहे, यू८ आलं तर दोन रिमोटांमध्ये गोंधळ आहे. अडॅप्टर बोर्डवर लावताना इनडोअरचा एमसीबी पाडलेला असलाच पाहिजे.

एफसीयू. २३० व्होल्ट, फॅन कॉइलसाठीच बनलेला, दोन पाइपवाला, तीन गतींचा थर्मोस्टॅट घ्या. एल, एन, तीन गती आणि व्हॉल्व्ह. पंख्याच्या मोटरला एका वेळी एकाच गतीची वायर मिळाली पाहिजे. जुना थर्मोस्टॅट तसाच ठेवून समांतर नवा लावला, तर दोघे वेगवेगळ्या गतींना एकदम वीज देतात आणि मोटरची वाइंडिंग जळते. जुना पूर्ण काढा. व्हॉल्व्हचा ॲक्च्युएटर (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा भाग) औष्णिक, म्हणजे तापून हलणाऱ्या, जातीचा असेल तर तो उघडायला काही मिनिटं घेतो. ‘थंड येत नाही’ म्हणून लगेच वायरी बदलायला लागू नका.

पुट्टीची चिमूट

बसवताना सगळ्यात जास्त गाळली जाणारी पायरी ही. भिंतीतला पाइप वर फॉल्स सीलिंगच्या पोकळीत उघडतो. एसी चालू असताना त्या पोकळीतली थंड हवा पाइपातून खाली येऊन थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर पडते. बिचाऱ्याला वाटतं खोली २३वर आली, प्रत्यक्षात माणसं २७मध्ये बसलेली असतात.

प्लेट लावण्याआधी टिश्यू पेपरची बोटभर पट्टी फाडा आणि पाइपच्या तोंडाशी धरा. एसी चालू करून बघा. पट्टी पुढे फडफडली तर हवा येते आहे. मग एमसीबी पाडून लिंबाएवढा पुट्टीचा गोळा मळून वायरींच्या भोवती, पाइपच्या तोंडात दाबून बसवा. पुन्हा पट्टी धरा. ती आता लोंबकळत स्थिर राहिली पाहिजे. सिमेंट किंवा पीओपी वापरू नका. पुढे केबल ओढायची वेळ आली की पंचाईत होते.

वरळी, वर्सोवा, कार्टर रोड अशा समुद्राकडच्या घरांत जुन्या तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढलेला दिसतो. ते टोक तसंच नव्या टर्मिनलात घालू नका. सेंटिमीटरभर कापून, ताजं तांबं सोलून, फेरूल दाबून मगच घाला. प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा. सुटली तर ती आत्ता सुटलेली बरी.

चालू करून तपासणं

एमसीबी वर केल्यावर सेटअपमध्ये सिस्टिमचा प्रकार ‘फक्त कूलिंग’ निवडा, हीटिंग ‘नाही’, हीट पंप ‘नाही’, तापमान सेल्सिअसमध्ये. उष्ण-थंड आपोआप बदलणारा मोड बंद. कॉम्प्रेसर थांबल्यावर पुन्हा सुरू होण्याआधी किमान तीन मिनिटांचं अंतर ठेवा, पाच ठेवलीत तर अधिक चांगलं. टॉवरमध्ये वीज जाऊन जनरेटर येतो तेव्हा काही सेकंदांचा खंड पडतो. हे अंतर नसेल तर कॉम्प्रेसर गॅसच्या उच्च दाबाविरुद्ध सुरू व्हायला बघतो आणि अडकतो.

मग फोनवर २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय धरून ॲप जोडा. दोन्ही बँडना एकच नाव असेल आणि जोडणी होत नसेल, तर राउटरमध्ये तात्पुरतं ५ गिगाहर्ट्झ बंद करा. खातं घरमालकाच्या ईमेलवर उघडायचं, कारागिराच्या नव्हे. ही गोष्ट जागच्या जागी बघा. नंतर पासवर्डसाठी त्याला फोन करत बसायची वेळ येऊ नये.

पंधरा-वीस मिनिटं कूलिंग चालू द्या. ग्रिलमधून येणाऱ्या आणि रिटर्न ग्रिलमध्ये शिरणाऱ्या हवेच्या तापमानात साधारण ८ ते ११ अंशांचा फरक पडायला हवा. जुलैच्या दमट दिवशी तो थोडा कमी दिसतो, कारण एसीची बरीच ताकद पाणी गाळण्यात जाते. त्याहून खूप कमी असेल तर दोष थर्मोस्टॅटचा नाही, फिल्टर किंवा गॅस तपासा. पंख्याच्या तिन्ही गती, बंद केल्यावर कॉम्प्रेसर खरंच थांबतो का, आणि एमसीबी पाडून वर केल्यावर सगळं पूर्ववत येतं का, हे तिन्ही कारागीर असतानाच बघा.

तापमान जुळवणं मात्र घाईत करू नका. नव्या थर्मोस्टॅटचं यंत्र स्वतः थोडं तापतं आणि ड्रिल मारलेली भिंतही कोमट असते. तासाभराने शेजारी दुसरं चांगलं थर्मामीटर धरून बघा आणि फरक असेल तर सेटिंगमध्ये तेवढा ऑफसेट, म्हणजे अंशांची दुरुस्ती, द्या.

मुंबईच्या हवेसाठी सेटिंग

आपल्याकडचा खरा त्रास दमटपणाचा आहे, आणि कारखान्यातून आलेली सेटिंग बहुधा कोरड्या देशांचा विचार करून केलेली असतात. पंखा ‘ऑटो’वर ठेवा, ‘ऑन’वर नको. कॉम्प्रेसर थांबल्यावर कॉइलवर पाण्याचा थर तसाच असतो. पंखा फिरत राहिला तर तो तेच पाणी पुन्हा खोलीत उडवतो. २४ अंशांतही अंग चिकचिकत असेल तर पहिली तपासणी हीच. कॉम्प्रेसर थांबल्यावर पंखा काही मिनिटं चालू ठेवणारी सोयही त्याच कारणाने बंद करा.

ऊर्जा दक्षता ब्युरोने १ जानेवारी २०२०पासून स्टार रेटिंगच्या एसींसाठी २४ अंश हे मूळ सेटिंग ठरवलं आणि प्रत्येक अंश वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते असं सांगितलं. स्मार्ट थर्मोस्टॅटमध्ये दिवसा २६ आणि झोपताना २५ ठेवून बघा, वर सीलिंग फॅन एकवर. सगळ्यात कमी तापमानाला २२ची मर्यादा घाला. मुलं १६ करून ठेवतात, त्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त एसी थांबत नाही.

थर्मोस्टॅट आर्द्रता मोजत असेल तर ती ६० टक्क्यांखाली राहील असं बघा. पावसाळ्यात गावी जाताना घर आठ दिवस बंद ठेवलं की कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर आणि पुस्तकांवर बुरशी धरते. एसी पूर्ण बंद करण्यापेक्षा आर्द्रतेची मर्यादा ६५ टक्के देऊन दिवसातून तासभर चालण्याचं वेळापत्रक लावा. त्याआधी ड्रेनचा पाइप साफ आहे याची खात्री करून घ्या. बंद घरात पाणी गळताना बघायला कुणी नसतं.

घरातून निघाल्यावर आपोआप बंद करणारी सोय एकट्यादुकट्याच्या घरात छान चालते. आजी-आजोबा घरी असतील तर त्यांचाही फोन त्यात जोडा किंवा ती सोय बंदच ठेवा. नाहीतर मुलगा लोकल पकडतो आणि आजीचा एसी बंद होतो. सगळ्यांना भिंतीवरचं बटण वापरून दाखवा. ॲपशिवाय एसी चालू-बंद करता आला पाहिजे.

जुना कंट्रोलर फेकू नका. त्याच्या वायरींचा फोटो छापून त्याला रबरबँडने बांधा, स्क्रू आणि प्लेटसकट डब्यात घाला आणि माळ्यावर ठेवा. घर भाड्याने द्यायचं झालं, नाहीतर वॉरंटीचा माणूस ‘मूळ कंट्रोलर लावून दाखवा’ म्हणाला, तर तो लागतोच. डब्यावर खोलीचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.